इमानपट्टीतला सहावा माणूस

डॉक्टरांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं आणि तरी आम्ही गेलो. सुखरूप परत आलो म्हणून आता हे निवांत लिहिता येतंय. प्रवासात मात्र माझा निम्मा जीव स्टेअरिंगवर होता आणि निम्मा शेजारच्या सीटवर. शेजारच्या सीटवर माझे वडील होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. वय ऐंशीच्या घरात, एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात मेकॅनिकची नोकरी केलेली, आणि याच उन्हाळ्यात हृदयात दोन स्टेंट बसवून घेतलेले.

"तुला जमत नसंल तर मी एसटीनं जातो," ते म्हणाले होते. दिवाळीची पाहुणेमंडळी परतली आणि आम्ही साताऱ्याहून नगरला निघालो.

जाण्याचं कारण आधी सांगायला हवं. माझे आजोबा, म्हणजे दादांचे वडील, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर म्हणून भरती झाले. विमानांची इंजिनं दुरुस्त करायचं काम. दादा आजीच्या पोटात होते आणि आजोबांची पत्रं यायची बंद झाली. मग सरकारी कागद आला की गणपत अमुक तारखेपासून परवानगीशिवाय गैरहजर आहे. मेला नाही, जखमी नाही, नुसता गैरहजर. गावानं त्याचा अर्थ लावला, फौजेतून पळाला. दादा शाळेत पळपुट्याचा पोरगा म्हणून ओळखले जायचे. आजीनं मरेपर्यंत कुंकू लावलं. नवऱ्याचं श्राद्ध तिनं कधी घालू दिलं नाही. "मेल्यालं कुनी बघितलंय का?" एवढंच विचारायची, आणि विषय संपायचा. ती गेल्यावरही दादांनी वडिलांच्या नावानं पाणी सोडलं नाही. जिवंत माणसाचं श्राद्ध घातलं तर, ही शंका त्यांच्याही मनातून गेली नव्हती.

मी शिक्षिका. निवृत्त झाल्यावर पत्रव्यवहार सुरू केला. बऱ्याच खेपांनंतर एका परदेशी कचेरीतून अपघाताच्या अहवालाची प्रत आली. दोन इंजिनांचं एक बॉम्बफेकी विमान सरावासाठी उडालं, अहमदनगर जिल्ह्यात नेवाशाच्या आग्नेयेला टेकडीला धडकलं, आतले पाचही गोरे वैमानिक ठार झाले. गावाचं नाव नाही. पण समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं की एक हिंदी फिटर बरोबर गेला असावा, खात्री नाही. विमान उडालं तो तळ आजोबांचाच होता. फक्त ते गैरहजर झाल्याची तारीख अपघाताच्या दोन दिवस आधीची होती.

या दोन दिवसांनी माझी झोप उडवली होती. काही सापडलं नाही तर दादा खचतील, ही एक भीती. पण खरी धास्ती वेगळी होती. तिथं गेल्यावर कळलं की तो सहावा माणूस कुणी मद्राशी, पंजाबी होता, तर? मग आजोबा खरोखरच पळाले होते, हे दादांना या वयात गिळावं लागलं असतं.

नगर

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. पाट्यांवर नवं नाव आहे, लोकांच्या तोंडी मात्र 'नगर'च. आम्ही नागापूरजवळच्या एका साध्या लॉजवर उतरलो. सकाळी खाली चहाला आलो तर एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्या मोटारसायकलींची रांग संपत नव्हती. प्रत्येकाच्या हँडलला डबा लटकवलेला. दादा कौतुकानं बघत होते. कारखान्याला निघालेली माणसं दिसली की ते खुलतात.

"ह्यातला कुणी आज घरी न्हाई पोचला," ते अचानक म्हणाले, "तर हजेरीवाला काय लिहील?"

"गैरहजर," मी म्हणाले.

"मग. त्यात त्याची काय चूक?"

आजोबांची बाजू ते मनाशी घोकत आले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी भराभर चहा संपवला.

सोनई

अहवालातली दिशा धरून आधी सोनई गाठलं. तिथपर्यंतचा भाग आमच्या कृष्णाकाठासारखाच. पाटाचं पाणी, दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. अशा हिरवळीत टेकडी कुठली? दादा खिडकीतून चारी बाजूंना बघत होते. जमीन तळहातासारखी सपाट.

पेठेत गाडी लावली आणि मी पर्स उघडली, तर दादांच्या गोळ्यांची डबी नाही. लॉजवर उशीपाशी राहिली होती. रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी तीनतीनदा बजावलेलं. मी घामाघूम झाले. मोबाईलमध्ये चिठ्ठीचा फोटो होता म्हणून निभावलं. पहिल्या मेडिकलमध्ये ती गोळी नव्हती, दुसऱ्यात मिळाली. तेवढ्या वेळात दादा समोरच्या हॉटेलात जाऊन बसले होते, आणि मी परत आले तर बाकावरच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याशी त्यांची गट्टी जमली होती.

"इथं न्हाई ओ पडलं," म्हातारा सांगत होता. "कागदात काय बी आसंल. तिकडं पाथर्डीच्या अंगाला, डोंगराच्या बुडाला इमानपट्टी म्हनून रान हाय. माझी बहीन दिल्ती त्या बाजूला. आमी ल्हानपनी जायचो तवा इमानाचं लोखंड दावायची."

इमान म्हणजे विमान. दादांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. मी त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला आणि गोळी गिळेपर्यंत उभी राहिले.

"इमानपट्टीत आहे कोण आता?" मी विचारलं.

"गयाबाई हाय. नव्वदीची आसंल. हाय का गेली, ते मातर म्हाईत न्हाई. दोन-तीन वर्सांत जानं न्हाई झालं."

त्या शेवटच्या वाक्यानं मी पुढचा सगळा रस्ता गाडी जरा जास्तच वेगानं चालवली.

डोंगराच्या बुडाशी

त्या वस्तीचं आणि गावाचं खरं नाव मी लिहिणार नाही. तसा शब्द दिला आहे. शब्द का द्यावा लागला ते पुढं येईल.

पाटाचं पाणी संपतं तिथं जणू दुसराच मुलूख सुरू होतो. ऊस नाहीसा होतो, मग कपाशी, मग तूर, आणि शेवटी बोडक्या माळावर नुसत्या बाभळी. समोरून ट्रॅक्टर येत होते. ट्रॉलीत बायका, पोरं, कोंबड्या, खाली झुलणारे पाण्याचे ड्रम. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. आमच्या साताऱ्याकडं हीच माणसं दरवर्षी येतात, फडाशेजारी खोपटी घालून राहतात. त्यांची घरं कशी असतील, हा विचार मी आजवर केला नव्हता. आता ती घरं मागं पडत होती, कुलूपबंद, दाराला काट्याची फांदी लावलेली.

डांबरी रस्ता संपला. दगडगोट्यांतून गाडी हळूहळू नेताना खालून ठण्णकन आवाज आला. मला वाटलं इंजिनचा ऑईल चेंबर फुटला. दादा, मी नको म्हणेपर्यंत, खाली उतरून गाडीखाली डोकावलेसुद्धा. "काय न्हाई, गार्डला लागलाय दगड," म्हणाले. उठताना मात्र त्यांनी बॉनेटचा आधार घेतला आणि जरा वेळ तसेच उभे राहिले. छातीत काही होतंय का, असं मी विचारलं. ते दार उघडून सीटवर बसले.

वस्तीवर पाच-सहा घरं. एकाच घरासमोर माणूस दिसला, साठीचा, तुरीला फवारणी करून पंप धूत असलेला. हाच गयाबाईंचा मुलगा भानुदास, हे नंतर कळलं. मी गाडीतून कागदांची फाईल घेऊन उतरले आणि तीच चूक झाली. फाईल बघताच त्याचा चेहरा बदलला.

"कुठल्या ऑफिसातून आलाय?"

मी सगळं सांगितलं. त्याची मान नकारार्थी हलत राहिली.

"इथं काय इमान-बिमान पडलं न्हाई. लोकं काय बी बोलत्यात."

"पण या रानाला इमानपट्टीच म्हणतात ना?"

"नाव हाय. नावाला काय." त्यानं पंप उचलला. "बाई, सरळ सांगतो. मागं दोघं जन आले, फोटू काढले, म्हनले जमिनीखाली बॉम्ब आसंल, मिलिटरी येऊन समदं उकरंल. पोरांनी कर्ज न काढता हे रान राखलंय. तुमी माघारी जा."

त्याचं भय खोटं नव्हतं. पण मागं वळून बघितलं तर दादा लिंबाखालच्या दगडावर बसले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी धावले. भानुदासही धावला. त्यानं हाक मारली, "आई, पानी आन लवकर," आणि घरातून एक वाळकी, वाकलेली म्हातारी तांब्या घेऊन आली.

दादा घोट घोट पाणी प्याले. मी त्यांची नाडी धरून बसले होते आणि मनातल्या मनात सर्वांत जवळचं हॉस्पिटल किती लांब असेल याचा हिशेब करत होते. हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग आला.

"कुठलं गाव, दादा?" म्हातारीनं विचारलं.

"साताऱ्याकडचं. कृष्णेच्या काठी."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. मग मुलाकडं न बघता म्हणाली, "त्यो बी नदीकाठचाच हुता."

"आई, गप ऱ्हा," भानुदास म्हणाला.

"किती गप ऱ्हायाचं? बाप गप ऱ्हायला, भाऊ गप ऱ्हायला. समदे गेले गपगप." ती दादांच्या समोर जमिनीवर बसली. "तुमी कोन त्याचं?"

"मला म्हाईत न्हाई," दादा म्हणाले. "तेच इचारायला आलोय."

मग गयाबाईंनी सांगितलं. त्या तेव्हा परकरी पोर होत्या; माहेर इथलंच, पुढं लग्नही याच वस्तीत झालेलं. थंडीचे दिवस, सकाळी धुकं होतं. विमानं आधीही यायची, माळावर पांढऱ्या धुराचे गोळे टाकून जायची, पोरं लांबून गंमत बघायची. त्या दिवशी एक विमान फार खाली आलं. धुक्यात डोंगर दिसला नसावा. आवाज झाला आणि मग काही वेळ पाखरंसुद्धा ओरडली नाहीत. त्यांचे वडील आणि चुलते तिकडं धावले. पाठोपाठ ही पोर, हातात न्याहारीबरोबर नेलेला पाण्याचा तांब्या.

"पाच गोरे गेलेले हुते. बघवत न्हवतं. ह्यो एकटा लांब पडलेला, बाभळीपाशी. जिता हुता. आपल्यावानी काळासावळा. आपलंच बोलला. 'बाय, पानी दे.' मी पाजलं. बापानं डोकं मांडीवर घेतलं."

"आणखी काय बोलला?" मी विचारलं.

"गाव सांगितलं, नाव सांगितलं. बापाला. घरी कळवा म्हनला. दुपारच्या आत गेला."

"मग कळवलं का न्हाई?" दादांचा आवाज एकदम चढला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

गयाबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच कसल्या तरी चळवळीपायी पोलिसांनी गावातली माणसं चावडीपुढं झोडपली होती. त्यांचे चुलते त्यातून लंगडत आले होते. गोरे मेलेत, आता सरकार आपल्यालाच धरणार, ही दहशत साऱ्या वस्तीला बसली. पण आपल्या माणसाचं प्रेत कोल्ह्याकुत्र्यांना सोडवेना. दिवस मावळायच्या आत ओढ्याच्या काठी त्यांनी त्याला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी लष्कराच्या लॉऱ्या आल्या, पाच गोरे मोजून घेऊन गेल्या. आणखी कुणी होतं का, असं साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं.

"बाप न्हाई म्हनला. भ्यायला हुता. हुतं म्हनला आसता, तर जाळलं कुनाच्या परवानगीनं, ह्ये इचारलं आसतं. म्हनून न्हाई म्हनला. त्ये त्याला मरस्तवर टोचत हुतं."

"नाव?" दादांनी विचारलं.

"मला सांगितलं न्हाई. पोरीच्या तोंडी राहत न्हाई म्हनला."

मला राहवलं नाही. विचारलं, "आजी, तो दिसायला कसा होता? उंच? यांच्यासारखा?"

त्यांनी दादांकडं निरखून पाहिलं. मला वाटलं आता त्या हो म्हणतील. मला ते हवंही होतं, आणि त्या नुसत्या बरं वाटावं म्हणून हो म्हणतील याची भीतीही वाटत होती.

"खोटं कशाला बोलू, बाय? तोंड आठवत न्हाई. पडलेला मानूस केवढा, ते पोरीला काय कळतंय." त्या थांबल्या. "बायको पोटुशी हाय, म्हायेरी हाय, आसं कायतरी म्हनला वाटतं. पर ह्ये मी शपथंवर सांगनार न्हाई. तुमी म्होरं बसलाय, म्हनून बी मला तसं आठवत आसंल."

भानुदास पंप तसाच हातात घेऊन उभा होता. फाईल माझ्या मांडीवर होती. दोन दिवसांचा फरक होता तिथंच होता. तो कुणी भरून काढणार नव्हतं. हजेरी घेणाऱ्यानं चुकीची तारीख टाकली असेल, किंवा आजोबा दोन दिवस आधी दुसऱ्या तळावर गेले असतील, किंवा नदीकाठचा आणखी कुणी फिटर असेल. महाराष्ट्रात नद्या काय कमी आहेत.

"अग्नी कुणी दिला?" दादांनी विचारलं.

"बापानं. पोटचा पोरगा जवळ न्हाई म्हनून त्यानंच मडकं धरलं. दहाव्या दिवसापतूर सुतक पाळलं आमी. कुनाला न सांगता."

दादा उठले. मी आधार द्यायला पुढं झाले, पण त्यांनी हात बाजूला केला. ते गयाबाईंपुढं वाकले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारी घाबरून मागं सरकली. "आवं, आमी तुमच्या आईला कळवलं बी न्हाई..." एवढंच तिला बोलता आलं.

"तुमी पानी पाजलं," दादा म्हणाले.

ओढा

भानुदासनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मगाशी माघारी जा म्हणणारा हाच माणूस, हे खरं वाटू नये अशा आग्रहानं त्यानं ताटं मांडली. त्याच्या बायकोनं हुलग्याचे शेंगोळे केले होते, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेले, बरोबर बाजरीची भाकरी आणि कांदा. आमच्याकडं हुलग्याचं माडगं करतात, सर्दी झाली की पितात. हुलग्याचं असं पोटभर जेवण दादांनी पहिल्यांदा खाल्लं. तिखट कमी खा, म्हणून मी खुणावत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही आणि दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.

जेवताना भानुदास म्हणाला, "ताई, तुमी लिहिता-बिहिता वाटतं. गावाचं नाव तेवढं घालू नका. आमचं हे एवढंच रान हाय."

मी शब्द दिला. त्याच्या आजोबांना लॉऱ्यांचं भय होतं, याला रान उकरणाऱ्या मशीनचं आहे. भय बाळगून का होईना, दोघांनीही दारातल्या माणसाला वाऱ्यावर सोडलं नाही.

ओढा घरामागं जवळच होता. कोरडा ठणठणीत. काठावर दोन करंजाची झाडं आणि मधे बसकं खडकाळ टेपाड. गयाबाईंनी काठीनं जागा दाखवली. "हितं. का थोडं तिकडं. पुरात वढा सरकलाय." तिथंही खात्री नव्हतीच. दादा उभे राहिले. हात जोडतील, रडतील, असं मला वाटत होतं. त्यांनी नुसतं चारी बाजूंना बघून घेतलं, जसं भाड्यानं घ्यायचं घर बघतात. डोंगर, बाभळी, वरचं आभाळ. मग चपला काढल्या आणि त्या तापलेल्या दगडांवर अनवाणी बराच वेळ बसून राहिले.

"दादा, तारखा जुळत नाहीत," मी शेवटी म्हणाले. सांगायला हवं, असं मला वाटलं. नंतर घरी जाऊन त्यांना तो विचार एकट्यानं सोसावा लागू नये.

"म्हाईत हाय मला. मी तुझ्या आधी वाचलाय त्यो कागुद." ते उठले. "त्यो नसला, तरी कुनाचा तरी होता की. त्याच्या पोराला म्हाईत न्हाई. मला म्हाईत झालं. हितं जवळ नदी कुठली?"

नेवासा

म्हणून नेवासा. परतीच्या वाटेवर नव्हतं, पण ओढ्याला पाणी नव्हतं आणि दादांना वाहतं पाणी हवं होतं. वाटेत त्यांनी पेठेतून काळे तीळ घ्यायला लावले. मी गाडी चालवत होते आणि दर थोड्या वेळानं त्यांच्याकडं बघत होते. श्वास नीट चाललाय ना, हात थंड पडले नाहीत ना. तेवढ्यासाठी मी दोनदा उगीच काच खालीवर केली.

प्रवरेला पाणी होतं. देवदर्शनाला आलेली माणसं घाटावर पाय धूत होती. गुरुजी बोलावू का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मी त्यांच्या शर्टाचं मागचं टोक मुठीत धरून उभी राहिले. गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी ओंजळीत तीळ घेतले, अंगठ्यावरून पाणी सोडलं आणि वडिलांचं नाव उच्चारलं. त्यांच्या तोंडून ते नाव 'कैलासवासी' लावून मी पहिल्यांदाच ऐकलं. तीनदा झालं आणि ते वळले. माझ्या मुठीत त्यांचा शर्ट आहे हे तेव्हा त्यांना कळलं. "सोड आता," म्हणाले.

घाटाच्या वर टपरीवर आम्ही चहा घेतला. त्यांची ओली विजार बघून शेजारच्या बाकावरचा एक शेतकरी सरकून बसला.

"लांबून आलाय वाटतं. दर्शनाला का?"

"न्हाई," दादा म्हणाले. "वडलांना भेटायला आल्तो."

शेतकऱ्यानं त्यांच्या पांढऱ्या केसांकडं आदरानं पाहिलं. "वडील हायेत आजून? वय काय आसंल त्यांचं?"

दादांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.

"बावीस," ते म्हणाले.